कोपऱ्यावरचं न खुडलेलं झाड

तंबाखूला फूल येतं हे आमच्या निपाणी भागातल्या कुणाला सांगावं लागत नाही. पण ते फूल नीट उमललेलं आमच्यातल्या थोड्यांनीच बघितलं असेल. कळ्यांचा तुरा वर दिसायला लागला की आम्ही तो खुडून टाकतो. फूल राहिलं तर झाडाचा सगळा जोर त्यात जातो आणि पान पातळ पडतं. म्हणून थंडी पडली की घरातली धडधाकट माणसं सगळी सऱ्यांतून फिरत असतात आणि संध्याकाळी सगळ्यांचे हात चिकानं काळे झालेले असतात. राखेनं घासा नाहीतर चिंचेनं, तो काळेपणा जात नाही. त्या हातानं भाकरी खाल्ली तर भाकरी कडू लागते. ही खुडायची सवय अशी अंगात मुरते, की परक्याच्या बांधावर दोन शब्द बोलत उभं राहिलं तरी बोटं आपोआप तुऱ्याकडं जातात. त्याचा राग कुणी धरत नाही.

अशा आमच्या मुलखात हौसाक्का दरसाल एक झाड फुलू द्यायची.

मी लग्न होऊन निपाणीजवळच्या त्या गावात आले तेव्हा हौसाक्का तिशी ओलांडलेली होती. तिची आणि आमची भिंत एकच. उंच, हाडकुळी बाई, चालताना एक खांदा जरा वर. कपाळाला कुंकू असं ठसठशीत, की लांबून आधी कुंकू दिसायचं आणि मग बाई. घरात एकटीच. नवरा कुठं आहे म्हणून मी सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्ये इचारू नगं. तिला तर आजाबात इचारू नगं." नव्या सुनेला एवढं सांगितल्यावर ती दुसरं काय करणार? मी आठवड्याच्या आत सगळं विचारून घेतलं, पण दुसऱ्या बायकांना.

गावात तिला 'बोटीची आक्का' म्हणायचे. आमच्या सगळ्या पंचक्रोशीत समुद्रावरच्या बोटीत बसलेली बाई ती एकटीच. बेळगावला कॅम्पात ती साहेबाच्या बंगल्यावर आया होती आणि त्या साहेबाबरोबर पार शिंगापूरपर्यंत जाऊन आली होती. बंगल्यातल्या सवयी तिच्या अंगाला चिकटून राहिल्या होत्या. साहेबाच्या 'कम ऑन'चं 'कमान' करून ती म्हशीला हाक मारायची आणि म्हैसही गुमान यायची. वाकळ अंथरली की तिच्या कडा चहूबाजूंनी खाली अशा घट्ट खोचायची, की तिच्याकडं मुक्कामाला आलेल्या माणसाला रात्री कूस बदलता यायची नाही. तिचा भाऊ एकदा म्हणाला, "आक्का, ह्ये आंथरूण हाय का थडगं?" ती म्हणाली, "साब लोक आसंच निजत्यात. तू साब न्हाईस म्हणून तुला टोचतंय."

बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. फक्त एका ठिकाणी गप्प व्हायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका नाव घ्यायचा आग्रह करायच्या. प्रत्येकीचा उखाणा व्हायचा, नवऱ्याचं नाव त्यात गुंफलेलं असायचं. हौसाक्काची पाळी आली की कुणीतरी मुद्दाम म्हणायचं, "घे की गं, का इसरलीस?" ती वाण उचलायची आणि म्हणायची, "त्येस्नी येऊ दे. त्येंच्या तोंडावरच घेते." मग उठून जायची. गावात इतकी वर्षं राहून मला तिच्या नवऱ्याचं नाव कळलं नव्हतं. जुन्या माणसांना ठाऊक असणार, पण तेही तिच्या भिडेनं 'हौसाक्काचा मालक' एवढंच म्हणायचे.

हकिकत अशी होती. नवरा पलटणीत शिपाई होता. पहिल्या मोठ्या लढाईच्या आठ-दहा वर्षं आधीच त्याची पलटण बोटीनं पूर्वेकडं निघाली. कोळसा भरायला बोट कोलंबोला थांबली. हौसाक्का त्याला कलंबू म्हणायची. शिपायांना सुट्टी मिळाली आणि काहीजणांना आगगाडीनं डोंगरावरची मोठी सरकारी बाग बघायला नेलं. ती बाग म्हणे जगात नावाजलेली. त्यात आमच्याच गावचा सिदू आणि हौसाक्काचा नवरा होते. परत निघायची शिट्टी झाली, माणसं मोजली, तर हा नाही. बोट त्याला टाकून गेली. पलटणीच्या दप्तरात 'फरारी' म्हणून नोंद झाली.

सिदू रजेवर आला तेव्हा त्यानं चावडीपुढं सगळ्यांच्या देखत सांगितलं, "मला म्हणला, जरा झाडं बघून येतो. त्यो गेला त्यो गेलाच."

पळपुट्याची बायको म्हणून हौसाक्काला पाणवठ्यावर काय काय ऐकावं लागलं असेल ते मी बघितलेलं नाही. पण मी सासरी आले तेव्हाही पाटलांच्या घरातली म्हातारी तिला बघितलं की म्हणायची, "आगं, मेला आसंल त्यो. पुसून टाक आन् मोकळी हो." आणि हौसाक्का म्हणायची, "मड्याबिगर सुतक धरू व्हय?"

तिचं मानणं एकच होतं. तो तिथंच आहे. वाट चुकला, बोट गेली, पकडतील म्हणून भ्यालेला आहे, आणि त्याला आणायला कुणीतरी जायला पाहिजे. सासर-माहेरचं कुणी जाणार नव्हतं. म्हणून ती बेळगावला गेली आणि कॅम्पात आयाचं काम धरलं. बंगला बघायची नाही की काम बघायची नाही, पहिल्यांदा खानसाम्याला विचारायची, "ह्यो साब कलंबूच्या वाटंनं जाणार हाय काय?" लोक हसायचे. कितीतरी वर्षं तिनं अशी काढली, एका बंगल्यातनं दुसऱ्या बंगल्यात. शेवटी एका साहेबाची शिंगापूरला बदली झाली आणि त्याच्या लहान पोराला हौसाक्काशिवाय कुणाच्या हातानं घास जात नव्हता. त्याचं नाव तिनं जानीबाबा ठेवलेलं.

बोटीच्या, बागेच्या गोष्टी ती आमच्या पोरांना कितीदातरी सांगायची. बागेतले बांबू देवळाच्या खांबाएवढे. ताडासारख्या झाडांच्या दोन रांगा, मधनं रस्ता, त्या रस्त्यावर आवाज केला तर पुढं पुढं जातो. एका झाडाची मुळं जमिनीच्या वर आलेली, गुरं बांधायच्या भिंतीएवढी उंच, त्यांच्या आडोशाला एक कुटुंब राहील. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. पण पोरांना सांगायच्या गोष्टीत एक भाग नसायचा. तो तिनं मला एकटीला सांगितला. आम्ही दोघी सरीत खुडत होतो, ऊन उतरलं होतं, आणि मी काही विचारलंही नव्हतं.

ती म्हणाली, "इंदे, त्या बागंत मी झाडं बघितलीच न्हाईत. माळी बघत हुते. एकेकाचं त्वांड. साब-मेमसाब फुडं, जानीबाबा माझ्या कडंवर, आन् मी सगळ्या माळ्यांस्नी न्याहाळत. त्येंच्यात कुणीच आपल्यातलं न्हाय. मग एका कडंला वाफं हुतं. कुठल्या मुलखात काय पिकतंय त्ये दावायला. ऊस, आलं, मिरी. त्यात तंबाखूचा एक वाफा."

"आपली तंबाखू?"

"आपलीच म्हण की. फुलावर आल्याली. गोऱ्या लोकांस्नी फूल बघायचं आसतंय, म्हणून खुडत न्हाईत. मी बघितलं आन् माझा हातच तिकडं गेला. तर इंदे, कडंची झाडं खुडल्याली."

मी खुडायची थांबले.

"आपल्यागत खुडल्याली. नखानं, तिरकं. खालचं फुटवंबी काढल्यालं, आन् शेंडं उचलून बुडात ठेवल्यालं. कातरीनं न्हाय, माळी कातर लावतोय. चीक वला हुता गं. माझ्या बोटाला लागला."

तिनं ते बोट मला दाखवलं, जणू अजून चिकट आहे.

पुढचं तिनं हळू आवाजात सांगितलं. तिनं तिथल्या माळ्याला कानडीत विचारलं, हे कुणी केलं म्हणून. माळी तमिळ, पण दोन्ही बोली बहिणीबहिणी, तेवढं त्याला कळलं. त्यानं रागानं खुडलेल्या झाडांकडं हात केला, मग फाटकाकडं केला आणि सांगितलं की एकजण येतो, सारखा येतो, हाकलला तरी येतो. 'येतो' एवढं हौसाक्काला पक्कं समजलं. ती फाटकाच्या बाजूला पळाली. त्या ताडांच्या रस्त्यावर लांब एक माणूस पाठमोरा चाललेला, डोक्याला आपल्याकडचा पटका. तिला हाक मारायची होती.

"आन् नाव येईना गं त्वांडात. लगीन झाल्यापास्नं कधी घेतलं न्हाई, ऐन येळंला कुठनं येणार? मी आपली 'अवो, अवो' करून वरडले. त्या एवढ्या बागंत 'अवो' म्हणून कुणाला हाक लागतीया? त्यो माणूस पळाला. मी बी पळाले, पर कडंवर पोरगं. मग मेमसाब आली. गाडीची येळ झाल्याली."

"मग?"

"मग मी खाली बसले. म्हटलं मी येत न्हाई, तुमी जावा. साबानं पोरगं वढून घेतलं. त्यानं माझा पदर धरल्याला. त्यो सोडंना. वरडून वरडून काळानिळा झाला. मी म्हटलं, आता हितं ऱ्हायले तर ह्ये पोरगं बोटीवर मरंल. धनी तर जित्ता हाय, ह्ये कळलंच की. येताना उतरू. येताना कलंबू कुठं जातंय?"

पण येताना कलंबू लागलं नाही. शिंगापूरला पोचल्यावर सहा महिन्यांच्या आतच जानीबाबाला ताप आला आणि तो गेला. पोर नाही तर आया कशाला? जी बोट आधी मिळाली तिच्यात बसवून त्यांनी तिला परत धाडली. ती बोट कलकत्त्याला लागली. तिथनं चार गाड्या बदलत ती मिरजेला आणि मिरजेहून गावी आली.

"ज्येच्यासाठी उठले, त्यो बी गेला," ती म्हणाली, आणि पुन्हा खुडायला लागली.

परत आली त्या वर्षापासनं तिनं ते झाड राखायला सुरुवात केली होती. तिचं रान रस्त्याला लागून. निपाणीकडनं येणारी वाट जिथं गावात वळते, तिथं बांधाच्या कोपऱ्यावर एक झाड ती खुडायची नाही. लोकांना वाटायचं, नवस असेल. दीर म्हणायचा, डोकं फिरलंय. मला एकटीला ठाऊक होतं. तिच्या मालकाला न खुडलेलं झाड बघवायचं नाही. भिऊन, तोंड लपवून, जरी कधी काळी त्या वाटेनं गेला तरी घरात येणार नाही कदाचित, पण त्या झाडाला हात लावल्याशिवाय पुढं जाणार नाही. मग सकाळी तिला खुडलेलं झाड दिसेल. सांगावा पोचेल.

दरसाल ते झाड फुलायचं. गुलाबी, लांब दांड्याची फुलं. मग बोंडं धरायची, वाळायची, काळी पडायची. कुणी हात लावायचं नाही, कारण सगळ्या गावाला तिनं बजावून ठेवलं होतं. आमची पोरं तर त्या झाडाला भ्यायची. सकाळी शेण काढायच्या आधी ती कोपऱ्यावर जाऊन यायची. तिथं उभी राहून वळणापर्यंत वाट बघायची आणि मग कामाला लागायची. तिचे केस पिकले, तो वर गेलेला खांदा आणखी वर गेला. कुंकू तेवढंच राहिलं.

आता शेवटचं सांगते. स्वातंत्र्य आलं त्याच्या आदल्या थंडीतलं. आमच्या मालकांना बेळगावला खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, मागावर काम मिळालं होतं आणि आम्ही गाव सोडायच्या तयारीत होतो. आमचा नेहमीचा तंबाखूचा व्यापारी त्या साली अंथरुणाला खिळला होता, म्हणून उभं पीक बघायला सदलग्याचे नेमगोंडा अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडं आले. पन्नाशीचा, गोरापान, गमत्या माणूस. जैन असल्यानं दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं होतं, म्हणून सारखं उन्हाकडं बघत घाईनं बोलत होते. पानं चोळून वास घेत घेत ते हौसाक्काच्या रानात आले. आम्ही पाच-सहाजणी तिथं खुडत होतो, तिचा दीर होता, आमचे मालक होते. अण्णा कोपऱ्यावर आले आणि बोलता बोलता त्यांचा हात त्या झाडाकडं गेला.

"अण्णा, हात लावू नगा," तिचा दीर ओरडला. "त्ये आमच्या वैनीचं झाड हाय. ती फूल बघत बसती."

अण्णा हात मागं घेऊन हसले. "मग मला हितनं हाकला बाबा. माझ्याच्यानं न्हाय बघवत. ह्या खोडीपायी मी परमुलखात मार खाल्ल्याला माणूस हाय."

"कुठं ओ?"

"कलंबूला. आमच्या चुलत्याची वखार हुती तिथं. मी नुसता पोरगा, मिसरूड न्हाय फुटलं. गावाची याद आली की आगगाडीत बसायचो आन् वर डोंगरात एक थोरली बाग हाय, तिथं जायाचो. कशाला? तर तंबाखू बघायला. एक वाफा हुता आपल्या तंबाखूचा. लेकाचे फुलू देत हुते. मला ऱ्हावंना. गेलो की खुडायचो. माळी काठी घिऊन पाठीमागं."

सगळे हसायला लागले. मी हौसाक्काकडं बघितलं. ती सरीत वाकलेली होती, तशीच वाकलेली राहिली.

अण्णांना रंग चढला होता. "एकदा तर गंमत झाली. खुडलं, फाटकाकडं निघालो, तर पाठीमागनं बाईमाणसाची हाक. 'अवो, अवो.' पक्की आपल्याकडची. म्हटलं, माळ्यानं आता बाई लावली काय माझ्या पाठीमागं? आसा पळालो, पटका सुटला त्यो बी बांधला न्हाय."

दीर म्हणाला, "तवा लगीन झाल्यालं काय, अण्णा?"

"कुठलं?"

"मग तुमास्नी अवो कोण म्हणतंय? भूत आसंल."

पुन्हा हसणं झालं. हौसाक्का उभी राहिली. पदरानं हात पुसत अण्णांच्या समोर आली. तिनं विचारलं, "अण्णा, मागं वळून बघितलं न्हाईसा?"

"कशाला बघतोय आक्का? पळायचं हुतं."

"व्हय," ती म्हणाली. "त्ये बी खरंच." मग विचारलं, "शेंडं बुडात ठेवलं हुतं न्हवं?"

"आँ? आपल्यात ठेवत्यात तसंच की. का?"

"काय न्हाय. उनातनं आलाईसा. पाणी घ्या." तिनं स्वतः घागर वाकडी करून त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. एक थेंबही सांडला नाही. अण्णा पाणी प्याले, उन्हाकडं बघितलं आणि गाडीत बसून सदलग्याला गेले. चांगला माणूस होता. त्याला कुणी कधी काही सांगितलं नाही.

त्या दिवशी हौसाक्का सगळ्यांबरोबर अंधार पडेपर्यंत खुडत राहिली. मी तिच्या शेजारची सरी धरली होती. एकदा म्हटलं, "आक्का." ती म्हणाली, "तुझा हात मागं पडाय लागलाय, इंदे." मग मी भराभर खुडायला लागले.

दोन दिवसांनी आमची गाडी निघाली. पहाट सरून नुकतं उजाडलं होतं, रानांवर धुकं होतं. भांडी, वाकळा, पोरं असं सगळं एका गाडीत. वळणाला आलो तर हौसाक्का कोपऱ्यावर उभी होती. मला वाटलं मला निरोप द्यायला आली असेल. मी मालकांना थांबायला सांगून खाली उतरले.

ती त्या झाडापुढं होती. झाड अर्धं फुलावर, फुलांवर दव. कपाळावर कुंकू होतं, मी मुद्दाम बघितलं. मी आल्याचं तिला कळलं, पण तिनं मान वळवली नाही. नख लावून तिनं तुरा तिरका खुडला. मग खालचे फुटवे एकेक करून काढले, सावकाश, एखाद्या पोराच्या डोक्यातलं काहीतरी काढावं तसे. सगळं उचलून बुडात ठेवलं.

"म्हादू," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही ती कुणाशी बोलते आहे.

"म्हादू नाव हुतं त्येंचं." तिनं मूठभर माती घेऊन दोन्ही हातांना चोळली. "जा आता. बेळगाव लांब हाय. पोरांस्नी थंडी लागंल."

मी तिच्या पाया पडले. तिनं मातीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला नाही, मनगट ठेवलं.

गाडी चालू लागली तरी मी मागं बघत बसले. इतकी वर्षं मी तिला त्या कोपऱ्यावर वाटेकडं तोंड करूनच बघत आले होते. त्या दिवशी ती वाटेकडं पाठ करून सरीत शिरली आणि धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत, एक झाड न सोडता, खुडत गेली.